हवामास्तर

सगळे त्याला हवामास्तर म्हणत. लोकांच्या घरात ताजी हवा कुठून घ्यायची, पंखा केवढा, हवेची गाळणी कुठे, हे तो भिंतींवरून हात फिरवत सांगे. हत्यार एकच, पातळ कागदाची बोटभर पट्टी. दाराच्या फटीशी धरायची. ती झुकेल तिकडे हवा जाते. "माणसं खोटं बोलतात, हवा नाही," हे त्याचं पालुपद.

बायकोची फुफ्फुसं तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गेलं ते परत येणार नाही. उरलंय तेवढं सांभाळा. घरात ताजी हवा येऊ द्या."

दुसऱ्याच दुपारी त्याने स्वतःच्या घराचा नकाशा काढायला घेतला. पहिल्यांदाच.

"उजाडलं म्हणायचं!" बायको खाटेवरून म्हणाली. "लोका सांगे ब्रह्मज्ञान..."

"बोलू नकोस, दम लागेल."

"लग्न झाल्यापासून गप्प बसवताय. जमलं का?"

तो हसला आणि पट्टी घेऊन निघाला. खिडकीशी पट्टी हलेना. रस्त्याची धूळ नको म्हणून त्यानेच फटी बुजवलेल्या. दाराशीही तेच. न्हाणीघराच्या दाराशी मात्र पट्टी सपकन आत, घराकडे झुकली.

न्हाणीघरातून कुबट, धुरकट वास. न्हाणीघरामागच्या बोळकांडीत खालच्या लाँड्रीच्या बंबाचा धूर कोंडलेला असे; झरोका तिकडेच उघडे.

त्याने स्वयंपाकघरातला पंखा बंद केला. पट्टी सरळ लोंबली. चालू केला. पुन्हा झुकली.

हवा बाहेर फेकणारा तो दणकट पंखा त्यानेच बसवलेला. बाहेर गेली तेवढी हवा कुठून तरी आत येणारच, हे तो शेकडो घरांत घसा फोडून सांगत आला होता. इथे सगळ्या वाटा बुजवून त्याने एकच उघडी ठेवली होती. पंधरा वर्षं.

खिडकीत हवा आत घेणारा छोटा पंखा आणि गाळणी बसवली की झालं. दोन तासांचं काम.

त्याने स्वयंपाकघरातला पंखा कायमचा बंद केला आणि येऊन खाटेशी टेकला.

"काय म्हणतेय पट्टी?"

"काही नाही. खिडकीत एक पंखा बसवतो."

"अहो, स्वयंपाकघरातला बंद केलात ना? वीज गेली की असंच मोकळं वाटायचं मला."

"मग... बोलली का नाहीस कधी?"

"केवढ्या हौसेनं बसवला होतात."

त्याच्या बोटांत पट्टी सरळ लोंबत होती.