पेटीवाल्याची चिंगी

पत्र्याच्या पेट्या ठोकण्यात पेटीवाल्याची उमेदीची सगळी वर्षं गेली आणि त्यांच्याबरोबर कानही गेले. एकदम नाही गेले. आधी बायकोचं बोलणं पुसट झालं. ते मला सोयीचंच पडलं, असं तो हसत सांगायचा. मग गिऱ्हाइकांचं, मग रस्त्यावरच्या गाड्यांचं. बायको वारली तोवर हातोडीचा घावसुद्धा त्याला कानापेक्षा मनगटात जास्त कळू लागला होता. मुलीने कानाचं यंत्र आणून दिलं. पण ते लावून पत्रा ठोकला की प्रत्येक घाव मस्तकात जायचा, म्हणून त्याने ते काढून ठेवलं. गल्लीतले लोक म्हणत, याला शिवी द्यायची तर टपालाने पाठवावी लागते.

तरी धंदा चालला होता तो चिंगीमुळे. पिंगट रंगाची, एक कान पडलेली ती कुत्री बायकोनेच पिल्लू असताना घरात आणली होती. दुकानाच्या पायरीवर कोणी आलं की चिंगी उठायची, पत्र्याच्या कपच्या चुकवत आत यायची आणि नाकाने त्याच्या गुडघ्याला ढोसायची. मग तो हातोडी ठेवून वळायचा. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात तिने उठणं सोडलं. गिऱ्हाईक आलं तरी ती नुसती मान उचलायची आणि पुन्हा पंजांवर ठेवायची. पेटीवाल्याला वाटलं, म्हातारी झाली, आळसावली. तिचं पाण्याचं भांडं सारखं रिकामं दिसायचं, तर त्याने उन्हाला बोल लावला. भाकरी तशीच पडून राहिली, तेव्हा उकाड्यात आपल्याला तरी कुठे जेवण जातं, म्हणत त्याने ती उचलून टाकली. एके दुपारी तिने नव्या पेटीशेजारीच मुतून ठेवलं. एवढ्या वर्षांत तिने असं कधी केलं नव्हतं. तो तिच्यावर खेकसला आणि तिला पायाने बाहेर लोटलं. ती गेली, पायरीवर बसली आणि मागची बाजू चाटत राहिली.

मुलगी बऱ्याच दिवसांनी भेटायला आली. पिशवी खाली ठेवण्याआधीच तिचं लक्ष चिंगीच्या पोटाकडे गेलं. अंग वाळलेलं आणि पोट तेवढं फुगलेलं. तिने कुत्रीचा ओठ वर करून पाहिला, हिरड्या पांढऱ्याफटक. तिने लगेच रिक्षा बोलावली.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, यंत्राने आतलं चित्र काढलं. ही माजावर कधी येऊन गेली, तिला पाणी जास्त लागतंय का, हे त्यांनी विचारलं. मुलीने प्रश्न बापाच्या कानाशी ओरडून सांगितले. गर्भपिशवीत पू साठला होता. पिशवीचं तोंड मिटलेलं असल्यामुळे बाहेर काही दिसलं नव्हतं. पिशवी काढायलाच हवी होती. पण विष अंगात भिनलं होतं, त्यामुळे बाईंनी खात्री दिली नाही. ऑपरेशन झालं, पण चिंगी टेबलावरून उठली नाही.

संध्याकाळी समोरची इस्त्रीवाली विचारपूस करायला आली. पेटीवाला पायरीवर बसला होता. तो म्हणाला, कुत्र्याला वाचा असती तर सांगितलं तरी असतं. इस्त्रीवाली त्याच्या शेजारी टेकली. मग त्याच्या कानाशी वाकून म्हणाली,

"मी सांगितलं होतं, काका. पाणी फार पितेय, डॉक्टरला दाखवा, म्हटलं होतं. तुम्ही मान हलवलीत."

त्याने तिच्याकडे पाहिलं. आठवण्यासारखं काही नव्हतंच. ती पायरीवर उभी राहून काहीतरी बोलली असणार, याने हो-हो म्हणून मान डोलवली असणार. अशी मान तो वर्षानुवर्षं डोलवत आला होता. समोरच्याला वाटे कळलं, आणि याची परत विचारण्यातून सुटका होई.

"परत का नाही सांगितलंस?" त्याने विचारलं.

"तुम्हाला कळलंय असं वाटलं. आणि परत सांगितलं की तुम्ही चिडता."

ते खरं होतं.  मुलगी आत चहा टाकत होती. तिने ते ऐकलं, पण बाहेर आली नाही.

पुढे दुकान काही काळ रडतखडत चाललं. गिऱ्हाइकं पाठीमागे येऊन उभी राहायची, हाका मारायची आणि निघून जायची. दाराकडे तोंड करून बसावं, तर उजेड डोळ्यांवर यायचा आणि घाव चुकायचा. एकदा हातोडी अंगठ्यावर बसली, नख गेलं. पावसाळ्याआधी त्याने हत्यारं एका जुन्या सोबत्याला देऊन टाकली आणि तो मुलीकडे राहायला गेला.

तिथे त्याचं कोणाशी भांडण नाही. जावई सज्जन आहे, पण सकाळच्या घाईत त्यालाही वैताग येतो. कारण म्हातारा आता कुठल्याच गोष्टीला नुसती मान हलवत नाही. "कळलं नाही," म्हणतो आणि समोरच्याच्या ओठांकडे बघत थांबतो. मग मुलगी हातातलं काम ठेवून पुन्हा सांगते. भाजी कुठली आणायची एवढंच असतं.