मिलच्या टीमचा रोट

भिकुबाईला हॉकीतलं फार काही कळायचं नाही. गोल मारून आली की पोरं वरण दोनदा मागतात आणि गोल खाऊन आली की ताटावरून उठतात, एवढंच तिचं ज्ञान. पण धुळ्याच्या मोठ्या मिलची टीम कशी उभी राहिली, कोणाच्या जिवावर चालली आणि कशी मोडली, हे कोणाला ऐकायचं असेल तर त्याला तिच्याच चुलीपाशी बसावं लागे.

मिलमालकाचा धाकटा भाऊ बाहेरगावी शिकायला राहिला आणि येताना हॉकीचं वेड घेऊन आला. साठ सालाच्या आसपास त्यानं टीम बांधली. खेळाडू पगारी. हजेरी लूम खात्यात आणि घाम मैदानावर, असा कारभार. सकाळच्या भोंग्याला आत जायचं, दुपारी काठी घेऊन बाहेर यायचं, आणि महिन्याचा पगार घ्यायचा तो खरं तर खेळण्याचा. खेळून पोट भरतं हे तेव्हा खानदेशात कोणाला पटत नसे. भिकुबाईच्या सासऱ्याला तर मरेपर्यंत पटलं नाही. पोरगा काय करतो असं कोणी विचारलं की म्हातारा “मिलमा शे” म्हणून कपाशीच्या भावाकडे वळे.

तो पोरगा म्हणजे सुपडू, भिकुबाईचा नवरा, टीमचा पहिला गोलकीपर. त्याच्या पायांचे पॅड तिनं घरी शिवले होते, आत मिलमधला टाकाऊ कापूस ठासून. भुसावळ, खांडवा, इंदूर, कुठं कुठं ही लाल बनियनवाली टीम जाऊन आली. मिलच्या कचेरीतलं काचेचं कपाट कपांनी भरलं, मग साहेबानं दुसरं करून घेतलं. दुसरं भरायच्या आत सुपडू मुदतीच्या तापानं गेला. पोटी लेकरू नव्हतं. मैदानामागची खोली मिलनं भिकुबाईकडेच राहू दिली. अट एकच, टीमचा स्वयंपाक तिनं करायचा.

त्या वर्षी श्रावणात खानदेशची देवी कानबाई आली. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी नदीवर जाते. तिच्या रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळीचे, गहू मोजायची रीत अशी, की घरात जितके पुरुष तितक्या सव्वा सव्वा मुठी, एकेकाचं नाव घेऊन. त्या पिठाचं जे काही होईल ते घरानं आणि भाऊबंदांनीच खायचं. परक्याला कण द्यायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत पीठ संपलं पाहिजे. उरलं तर घर फुटतं म्हणतात. भिकुबाईचं सासर एरंडोलकडचं. मोठा दीर पितांबर मुद्दाम धुळ्याला आला आणि वट्ट्यावर बसून म्हणाला, “घरमा माणूस नही, मंग रोट कोना नावना मोजशी? आमना घर ये. ताट वाढसूत.”

बोलणं मायेचंच होतं. पण त्या ताटाचा अर्थ भिकुबाईला कळला. म्हणजे आता तुझं घर हे घर नाही. ती म्हणाली, “मना घर अकरा जन जेवतस. त्यासना नावना मोजसू.”

पितांबर हसला. अकरा जणांत कोण कोण आहे ते त्याला माहीत होतं. कोणी धनगर, कोणी कोळी, कोणी शिंपी. “हाऊ काय मेळा शे का? देवना रोट कोनले बी चारशी?”

“मी रोज चारस. देवले आजच दिसनं का?”

पितांबर चहा न घेता उठला. त्या वर्षापासून एरंडोलकडच्यांनी तिचं नाव टाकलं. इकडे तिनं सूप पुढ्यात घेतलं आणि पहिल्यांदा रुपचंदचं नाव घेऊन मूठ टाकली.

रुपचंद टीमचा कॅप्टन. मागे खेळायचा, फुलबॅक. अंगानं आडवा, बोलायला तिखट, पण रोट आपल्या नावानं मोजला जातोय म्हटल्यावर तो जो गप्प झाला तो जेवण होईस्तोवर. तेव्हापासून पोरांनीही हा मामला खराच धरला. नवा खेळाडू टीममध्ये आला की त्याचं नाव आधी हजेरीबुकात, मग श्रावणात सुपात. रोट एक म्हणजे सुतकही एक, हे ओघानं आलंच. टीममधल्या एकाचा बाप वारला तर भिकुबाई डोक्याला तेल लावत नसे आणि ती पोरं दहाव्याला उघड्या अंगानं नदीवर जात. मिलमधले बाकीचे लोक चेष्टा करायचे, या टीमला दर महिन्याला कोणाचं तरी सुतक असतं, मॅच कधी खेळतात कोण जाणे.

कुवरसिंगला रुपचंदनं आणला. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यातला हा पावरा पोरगा. आश्रमशाळेच्या खेळांत अनवाणी पळताना रुपचंदला दिसला. त्यानं त्याला धुळ्याला आणला, आपल्या खोलीत ठेवला, पहिले बूट आपल्या पायातले काढून दिले. ते मोठे व्हायचे म्हणून पुढे चिंध्या कोंबायच्या. कुवरसिंग पळायला लागला की मैदानाच्या कडेचे लोक बिडी ओढायचे विसरत. पुढं रुपचंदचा गुडघा धरायला लागला तेव्हा त्यानं स्वतःच साहेबाला सांगून कॅप्टनकी कुवरसिंगकडे दिली. भाऊ म्हणून दिली, हे सगळ्यांना दिसत होतं.

चौऱ्याऐंशीच्या श्रावणात मिलची हालत वाईट होती. निम्मे लूम बंद. टीमचा वेडा मालकही आता नव्हता. त्याच्या पुतण्याला हॉकीची काठी आणि लाठी यांतला फरक करायची गरज वाटत नव्हती. कानबाईच्या आधीच्या शुक्रवारी भिकुबाईनं नेहमीसारखे गहू मोजले. चक्कीवाल्यानं चक्की धुऊन ठेवली होती. तिथून ती पिठाचा डबा डोक्यावर घेऊन आली आणि कोरा कपडा बांधून कोनाड्यात ठेवला.

शनिवारी कचेरीत कुवरसिंगला बोलावणं आलं. टीम बंद. जळगावचा एक कारखानदार नवी टीम काढतोय, त्याला निम्मी माणसं हवीत, नोकरीसकट. बाकीच्यांनी लूमवर जायचं, लूम चालले तर. कोण जाणार ती नावं कॅप्टननं संध्याकाळच्या आत सांगायची. जळगावचा शेठ स्वतः तिथं बसला होता.

कुवरसिंगनं नावं सांगितली. त्यांत रुपचंद नव्हता.

संध्याकाळी मैदानावर काय झालं ते भिकुबाईनं भिंतीआडून ऐकलं. आरडाओरडा झाला नाही. रुपचंदनं फक्त एवढं विचारलं की नाव तू सांगितलं नाहीस की त्यांनी घेतलं नाही. कुवरसिंग खाली बघत म्हणाला, मी सांगितलं नाही. रुपचंद काठी तिथंच टाकून लंगडत घरी गेला. जळगावचा ट्रक रविवारी सकाळीच आला. नोकरीवर लगेच हजर व्हायचं होतं. जाणाऱ्यांनी कानबाईला लांबून हात जोडले.

रविवारी रात्री कानबाईपुढं टीममधले तिघं-चौघं बसले होते, पकडलेल्या चोरांसारखे. सोमवारी भिकुबाई नारळाची कानबाई पाटावर घेऊन पांझरा नदीवर गेली. दरवर्षी पुढं टाळ्या वाजवत नाचणारी लाल बनियनवाली पोरं नव्हती. गल्लीतल्या बायांनी गाणं म्हटलं, पण ते घाटापर्यंत पोचलं नाही. घरी येऊन तिनं डबा उघडला. पीठ अर्ध्याच्या वर होतं. पौर्णिमा शनिवारी. पितांबरचं बोलणं इतकी वर्षं तिनं कमरेला खोचून ठेवलं होतं, ते आता टोचायला लागलं. पीठ उरलं तर खोलीत एकटी राहणारी बाई, एवढंच तिचं नाव उरणार होतं.

मंगळवारी तिनं पहाटे उठून रोट भाजले, दुरडीत घातले आणि जळगावची एसटी धरली. एरंडोलच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा तिच्या सासरच्या गल्लीतली एक बाई खिडकीतून म्हणाली, काय वं अक्का, उतरस नही का? भिकुबाईनं मान हलवली आणि दुरडी मांडीवर घट्ट धरली.

कारखान्याच्या मागं नवं मैदान होतं, अजून ढेकळांचं. पोरांच्या अंगात निळ्या बनियनी. तिला पाहून खेळ थांबला. तिनं बांधावर दुरडी ठेवली आणि काही न बोलता एकेकाच्या हातावर रोट दिला. पोरं चिखलाच्या हातांनी उभ्या उभ्या खाऊ लागली. कुवरसिंग शेवटी आला. त्यानं एक तुकडा मोडून तोंडात घातला.

“माय,” तो म्हणाला, “शेठले पळनारा माणसं पाहिजे व्हतात. भाऊना गुडघा त्यानी दखेल व्हता. मी भाऊनं नाव लेतू, ते शेठ बिथरता, बठ्ठास्ले घर बसनं पडतं.”

“हाई त्याले सांगं का?”

“नही.”

“काबर?”

“मंग मनमा उनं, नाव लिसन तरी दखाले पाहिजे व्हतं. शेठ नही म्हनता ते नही. पन मी लिधंच नही.” त्यानं हातातला रोट संपवला, बोटं चाटली. “आते कोनता तोंडघाई सांगू?”

भिकुबाईनं त्याला समजावलं नाही. दुपारच्या गाडीनं ती परत आली.

धुळ्यातले बाकीचे तिच्याकडे येऊन खाऊन गेले. कोणी हसत, कोणी मिलला शिव्या देत. राहिला रुपचंद. त्याची बायको कमलबाई दोनदा निरोप घेऊन आली की ते येत नाहीत, म्हणतात मी आता कोणाच्या टीमचा नाही. शुक्रवारी दुपारी भिकुबाई स्वतः गेली. रुपचंद खाटेवर बसून गुडघ्याला तेल चोळत होता. तिनं रोट पुढं ठेवला. त्यानं पाहिलंही नाही.

“मनी मूठ पांझरामा टाकी दे, भिकुमाय. ज्यासनी माले काढं त्यासना पंगतमा मनं काय काम?”

भिकुबाई खाली बसली. उन्हातून आल्यानं तिला आधी पाणी हवं होतं. कमलबाईनं तांब्या दिला. पाणी पिऊन ती म्हणाली, “टाकतू. पन बठ्ठं पीठ एकजागे दळेल शे. त्यामाईन तुनी मूठ कशी काढू, तूच सांग.”

रुपचंदचा चोळणारा हात थांबला. त्यानं पहिल्यांदा रोटाकडे बघितलं.

“कुवरसिंगनी खादं का?”

“खादं.”

“काय बोलना?”

“ते त्याना तोंडनं शे. मी आनेल नही.”

मग रुपचंदनं तेलाचा हात धोतराला पुसला, रोट उचलला आणि खाल्ला. सावकाश, एकेक तुकडा मोडून, शेवटचा चुरा तळहातावर घेऊन. कमलबाई दाराशी तोंड फिरवून उभी होती. खाऊन झाल्यावर तो म्हणाला, “दरसाल मनी मूठ मोज. मी खासू. पन त्यानासंगे पंगतले बसाव नही.”

“नको बसू,” भिकुबाई म्हणाली. डबा त्या दिवशी रिकामा झाला. तिनं तो राखेनं घासला आणि पालथा घातला.

मिल पुढच्या वर्षात बंदच पडली. कपाटातले कप कोणी नेले ते कळलं नाही. मैदानावर आधी बाभळी उगवल्या, मग ट्रक उभे राहू लागले. जळगावची टीमही पाच-सात वर्षंच टिकली. शेठच्या पोराला क्रिकेट आवडायचं. कुवरसिंग तिथंच मशिनवर राहिला आणि रुपचंदनं धुळ्यात पानाची टपरी टाकली. भिकुबाईनं दोघांत पडायचं नाही असं ठरवलं होतं आणि ते पाळलं. ती एकदा म्हणालीही होती, रागावला आहे म्हणजे अजून आपला आहे.

म्हातारपणीही, हात कापायला लागले तरी, श्रावणात ती सूप पुढ्यात घेई आणि जे जिवंत त्यांची नावं घेई. सोमवारी नदीवरून आल्यावर पहिली पंगत कुवरसिंगची आणि जळगावकडच्यांची. ते जेवून स्टँडकडे निघाले की दोन वाजता रुपचंद काठी टेकत येई, कुवरसिंग जिथून उठला त्याच जागेवर बसे. मधल्या वेळात भिकुबाई चूल विझू देत नसे. लाकूड मागे ओढायची, निखारे झाकायची आणि दाराकडे तोंड करून बसून राहायची.