‘येतो’ म्हणजे काय

साध्या शब्दाला साधेपणाने जगू न देणारी माणसं जगात पुष्कळ असतील. पण माझ्या सासऱ्यांनी एकही शब्द आजवर जामिनावरसुद्धा सोडलेला नाही. त्यांची हयात इथं हिंदी मुलखात वकिलीत गेली आणि माझी शाळेत व्याकरण शिकवण्यात. तेव्हा शब्दांच्या बाबतीत आपणही काही कमी नाही, असा माझा समज होता. पहिल्याच भेटीत, मुलगी बघायला गेलो असताना, नम्रतेनं म्हणालो, ‘‘कायद्यात मी अगदीच अज्ञान.’’

‘‘अज्ञान? मतलब अठराच्या आतले? मग लग्न कसं लावायचं?’’

मी घाईघाईनं माझं वय सांगितलं. सासूबाई चहाचा कप हातात देत म्हणाल्या, ‘‘यांच्याकडे लक्ष नका देऊ हो.’’ पण लक्ष न देणं शक्य नव्हतं. लग्नानंतर एकदा बायकोनं, सुनीतानं, केलेले पोहे खाताना मी ऐटीत बोलून गेलो, की शेवटी या घराचा कर्ता मीच. त्यांनी चमचा खाली ठेवला. ‘‘मास्तर, ‘सुनीतानं पोहे केले’, यात कर्ता कोण?’’ मी म्हणालो, सुनीता. ‘‘आणि कायद्यात कर्ता म्हणजे कुटुंबाचा कारभार बघणारा. तुमच्याकडे कारभार कोण बघतं?’’ यावर मी आणखी पोहे मागून घेतले.

सासूबाई गेल्या आणि ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोटऱ्याच्या घरात एकटे उरले. आमच्याकडे शिवाजी नगरला राहायला या, म्हणून सुनीतानं किती विनवलं! त्यांचं उत्तर ठरलेलं. ‘‘माझा अधिवास कोटऱ्यात. माणूस झोपतो कुठं, एवढंच बघून भागत नाही. परतायचा इरादा कुठला, ते बघतात.’’ दर रविवारी जेवायला यायचे आणि निघताना, सगळ्या मराठी घरांची रीत मोडून, ‘‘जातो’’ म्हणायचे. सुनीता दारापर्यंत धावायची. ‘‘बाबा, येतो म्हणा हो!’’

‘‘कोटऱ्याला चाललोय, तर येतो कसं म्हणू? विचार तुझ्या नवऱ्याला.’’

आणि मी गाढव! व्याकरणाच्या दृष्टीनं बाबांचंच बरोबर आहे, अशी साक्ष दिली. त्या आठवड्यात मला भाजीत मीठ कमी की जास्त, हे विचारायचीही सोय उरली नाही.

यंदा उन्हाळ्यात ते न्हाणीघरात घसरून पडले. सकाळी दूधवाल्यानं हाक ऐकली म्हणून बरं. पाय प्लास्टरमध्ये घालून आम्ही त्यांना आमच्या घरी आणलं. प्लास्टर निघालं त्याच दिवशी त्यांनी पिशवी भरली. सुनीता स्वयंपाकघरात तोंड फिरवून उभी. मी चार मुद्दे पाठ केले होते, ते ऐन वेळी पार विसरलो. एवढंच म्हणालो, ‘‘बाबा, राहा ना.’’

‘‘आज्ञा की विनंती?’’

‘‘विनंती.’’

त्यांनी पिशवी तिथंच खुर्चीवर ठेवली, काठी घेतली, ‘‘कोटऱ्याला तुमच्या सासूबाईंच्या तुळशीला पाणी घालायचंय,’’ असं पुटपुटत चपला चढवल्या आणि दारातून म्हणाले, ‘‘येतो.’’

चुकीचं क्रियापद ऐकलं की मला दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही. त्या दिवशी मात्र राहवलं. खाली ऑटोवाला विचारत होता, ‘‘बाबूजी, सिर्फ जाना है?’’

‘‘नहीं भाई, आना-जाना.’’