वातीच्या कपाशीला मर लागली

बायको आषाढात गेली. त्याआधी तिनं विहिरीकडच्या बाजूला देशी कपाशीच्या दोन ओळी हातानं टोकल्या होत्या. विकायला नाही, घरच्या दिव्याच्या वातींसाठी. बी दरसाल तीच राखायची. होतं तेवढं सगळं तिनं तिथं लावलं होतं. बाकी रानात माझी विकतच्या बियाण्याची कपाशी.

भाद्रपदात तिच्या ओळीतली झाडं माना टाकायला लागली. सूनबाई म्हणाली, "आबा, पाणी कमी पडलं असंल." पाणी दिलं. तहानलेलं झाड सकाळपर्यंत ताठ होतं. ही झाली नाहीत. खालची पानं कडेनं पिवळी पडून गळू लागली. काय ते मला तेव्हाच कळलं. तरी परत पाणी दिलं.

"आबा, किती पाजताय? म्हैस हाय का ती?" सूनबाई म्हणाली. "एक झाड चिरून बघा ना. आई चिरूनच बघायच्या."

खरं होतं. बायको बांधावर बसून विळ्यानं खोड उभं चिरायची. आत पांढरं निघालं तर झाड नुसतं दमलंय. तपकिरी रेघा दिसल्या तर मर. मर म्हणजे बुरशी. मातीतून मुळात शिरते, तिथून वर चढते. ते झाड परत उठत नाही. मग ती उपटून जाळायची. तसल्या ओळीचं बी ठेवायचं नाही, हा तिचाच कायदा. मी म्हणायचो, थोडी वाट बघ.

ती म्हणायची, "वाट बघून तुमच्या टकलावर केस आले का?"

शेवटी एक झाड उपटून चिरलं. रेघा होत्या. दुसरं चिरलं. होत्या. तिसरं सूनबाईनं हातातून काढून घेतलं. म्हणाली, "आबा, बास."

दोन्ही ओळी उपटल्या. बरी दिसत होती तीही. बांधावर ढीग करून पेटवला. ओल्या झाडांचा धूर पार रस्त्यापर्यंत गेला. शेजारी विचारायला आला, "काय जाळताय?"

मी म्हणालो, "कपाशी."

माझी कपाशी वाचली. तिचं बी संपलं. बुरशी मातीत राहते, म्हणून तेवढ्या तुकड्यात आता ज्वारी करणार आहे. वाती मनमाडहून पुडीतल्या आणतो. रोज संध्याकाळी तिच्या फोटोपुढं लावतो. बऱ्या जळतात. पण तसं मोठ्यानं म्हणत नाही. ती ऐकेल.