आफ्रिकेतली एक जागा

छायाचित्रणाकडे मी फार उशिरा वळलो. चाळिशी उलटून गेली होती, मुलीचे लग्न झाले होते आणि पनवेलच्या हायस्कुलात इतिहास शिकवताना तीच ती वाक्ये माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडू लागली होती. अशा सुमारास मुंबईच्या एका परिचितांकडे एक जुना कॅमेरा लांब पल्ल्याच्या भिंगासह विकायचा असल्याचे कळले, आणि कुणालाही न विचारता मी तो घेऊन घरी आलो. असे मी पूर्वी कधी केले नव्हते. ही हौस असल्याचे सांगायलाही मला संकोच वाटे. कुणी विचारलेच तर ‘शाळेच्या संमेलनाला उपयोगी पडेल’ असे मी सांगत असे.

रविवारी पहाटे मी खाडीकडच्या मिठागरांवर जाऊन बसे. हिवाळ्यात तिथे शेकाटे उतरत. लांब, तांबड्या पायांचे हे पक्षी उथळ पाण्यात असे जपून चालत, की जणू काही आपले पाय त्यांनी उसने आणले आहेत. बांधाच्या आडोशाला गोणपाट पांघरून बसायचे, हालचाल करायची नाही आणि पक्षी आपण होऊन जवळ येईपर्यंत वाट पाहायची, एवढेच माझे तंत्र होते. माझ्या स्वभावाला ते मानवले. माणसांत असलो की काहीतरी बोलावे लागते. तिथे मी नाहीच असे धरून सारे चालत असे.

माझ्या आतेभावाचा मुलगा नैरोबीहून पनवेलला आला, तो अशाच एका हिवाळ्यात. आतेभाऊ तरुणपणीच नोकरीसाठी पूर्व आफ्रिकेत गेला आणि तिकडचाच झाला. मुलगा तिथेच जन्मला आणि तिथेच वाढला. आता तो तिशीचा होता. हौशी लोकांना आपल्या मोटारीतून रानात नेऊन वन्य प्राण्यांची छायाचित्रे काढायला साहाय्य करायचे, हा त्याचा व्यवसाय होता. पूर्वी बंदुका घेऊन येणाऱ्यांना जे लोक रान दाखवत, तेच आता कॅमेरेवाल्यांना दाखवतात, असे तो म्हणे. ‘सफारी’ हा शब्द आमच्या घरात प्रथम त्याच्याच तोंडून आला.

त्याचे मराठी चांगले होते, परंतु त्यात आडवळण मुळीच नव्हते. पहिल्याच दिवशी पत्नीने वालाचे बिरडे केले होते.

“अजून घे ना थोडं,” ती म्हणाली.

“नको, काकू.”

“अरे, लाजतोस काय? घरचाच आहेस,” असे म्हणत तिने डाव भरून त्याच्या ताटात वाढले. त्याने ते बाजूला सारले आणि जेवण संपेपर्यंत त्याला हात लावला नाही.

“मी नको म्हणालो होतो ना?” त्याने विचारले. स्वरात राग नव्हता; त्याला खरोखरच कळले नव्हते.

“याला जन्मात कुणी दोनदा विचारलेलं दिसत नाही,” पत्नी आत येऊन मला म्हणाली. “बिचारा!”

दुसऱ्या दिवशी शेजारचे वकील त्याला भेटायला आले. वकिली मुलाच्या हाती सोपवून ते मोकळे झाले होते आणि गावातल्या प्रत्येक नव्या माणसाची भेट घेणे हे आपले कर्तव्य मानत होते. पाहुण्याने त्यांना चहाचे विचारले. “छे छे, आत्ताच झाला,” वकील सवयीने म्हणाले. “बरं,” म्हणून पाहुणा स्वतःपुरता चहा घेऊन आला आणि त्यांच्यासमोर बसून शांतपणे प्यायला. संध्याकाळी वकिलांनी मला रस्त्यातच गाठले. “मास्तर, तुमचा पाहुणा अजब आहे हं! माझा चहा बुडवला की हो त्यानं!” आम्ही दोघेही पुष्कळ हसलो.

मिठागरांवरची माझी छायाचित्रे मी त्याला दाखवली नसती, पत्नीने दाखवली. तो एकेक खिडकीपाशी नेऊन पाहू लागला. “फारशी जमलेली नाहीत,” मी घाईने म्हणालो.

“काका, तुम्हाला थांबता येतं,” तो म्हणाला. “माझ्याकडे मोठे मोठे कॅमेरे घेऊन लोक येतात. त्यांना थांबता येत नाही.”

ही स्तुती मला इतकी अनपेक्षित होती, की मी चित्रे गोळा करून पाकिटात घालायला लागलो. मग त्याने नकाशा काढला. येत्या ऑगस्टात त्याच्या दोन सफारी निघणार होत्या. पहिली मोटारीतून होती. रोज नवा मुलूख, गवताळ मैदाने, सिंह, जिराफ, झेब्र्यांचे कळप, सारे काही भरभरून पाहायला मिळणार होते. दुसरीत एकाच पाणवठ्याजवळ तळ टाकायचा आणि गवताने शाकारलेल्या लपणात बसून जे पाण्यावर येईल त्याची वाट पाहायची. तिथे एखाद्या दिवशी हत्तींचे कुटुंब येते. एखाद्या दिवशी रानडुकराखेरीज काहीही येत नाही.

“घरच्या माणसासाठी मी एकच जागा ठेवली आहे,” तो म्हणाला. “यांतली कुठलीही निवडा. तुम्ही फक्त बोटीनं मोंबासापर्यंत या, पुढचं माझ्याकडे. विचार करा. जाण्यापूर्वी मी विचारीन.”

त्यानंतरचा आठवडा मी कसा घालवला, हे कुणाला दिसले नसेल. वर्गात सातवाहनांविषयी बोलताना माझी नजर भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर जाई. मोटारीच्या सफारीचे आकर्षण मला कळत होते. परतल्यावर सारे पनवेल ‘सिंह पाहिलात का?’ असे विचारणार होते, आणि त्याला उत्तर हवे होते. परंतु मोटारीत इतर माणसे असणार, कुणी ‘इकडे थांबवा’ म्हणणार, कुणी ‘तिकडे चला’ म्हणणार. आणि मला थांबावेसे वाटेल तिथे ‘थांबवा’ असे मी म्हणणार नाही, हे मला पक्के ठाऊक होते. लपणात कुणाला काही सांगावे लागत नाही. पाण्यावर काही येवो न येवो, ती पहाट माझी असती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी माझे ठरले. शिल्लक रजा मोजून झाली, बोटीच्या कचेरीत जाऊन चौकशी झाली. “जाऊन या,” पत्नी म्हणाली. “मी लेकीकडे राहीन. इतकी वर्षं तुम्ही कुठे काही मागितलंत?”

पाहुण्याला मात्र मी हे सरळ सांगितले नाही. “समजा, एखाद्याला पाणवठ्यावर बसायचं असेल,” मी एकदा त्याला विचारले, “तर भिंग केवढं लागतं?”

“कोण एखादा?”

“असंच, सहज विचारतो.”

त्याने भिंगाचे सविस्तर सांगितले. तुम्ही येताय का, असे मात्र विचारले नाही. जाण्यापूर्वी विचारीन, असे तो म्हणाला होता, आणि तो शब्दाचा पक्का होता.

त्याच्या जाण्याच्या आदल्या दिवशी वकिलांनी नेऱ्याच्या आपल्या शेतावर पोपटी लावली. वालाच्या शेंगा, बटाटे आणि अंडी मडक्यात भरून भांबुर्ड्याच्या पाल्याने तोंड बंद करायचे, मडके उपडे घालायचे आणि भोवती जाळ करायचा; आमच्या भागातला हा हिवाळ्याचा मोठा सोहळा. उन्हे कलली होती. समोर माथेरानच्या डोंगरावर तांबूस ऊन चढत होते. वकिलांना धीर नव्हता. शेत कसणारे म्हातारबुवा त्यांना दरडावत होते, “आता नका हात लावू, वकीलसायेब. अजून कच्च्या हायेत.”

शेवटी मडके फुटले, वाफ उठली आणि आम्ही पानांवर शेंगा घेऊन गोल बसलो. तेव्हा पाहुण्याने सर्वांसमक्ष विचारले, “काका, मग ठरलं का? येताय?”

सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे वळले.

“छे, छे! मी कुठला!” मी म्हणालो. “या वयात? आणि तुझी ती तिकडची मंडळी, त्यांत माझी नुसती अडचण.”

माझ्या दृष्टीने हा नकार नव्हता. होकाराची ती पहिली पायरी होती. कुणी काही देऊ केले की पहिल्यांदा हात मागे घ्यायचा, हे मला कुणी शिकवले नव्हते आणि तरीही येत होते. आमच्यातले कुणीही यावर ‘असं कसं, यायलाच पाहिजे’ असे म्हणाले असते. मग मी ‘बघू’ म्हणालो असतो. पुन्हा आग्रह झाला असता, आणि तेव्हा मी खाली मान घालून हसलो असतो. माझा होकार सर्वांना कळला असता. ते हसणेसुद्धा मी मनात तयार ठेवले होते.

पाहुण्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले. “बरं,” तो म्हणाला. मग इतरांकडे वळून म्हणाला, “म्हणजे माझ्याकडे एक जागा रिकामी आहे.”

“मला न्या की!” वकील अंडे सोलता सोलता ओरडले. “परवा चहा बुडाला, आता आफ्रिका नाही बुडू देणार!”

सगळे हसले. पाहुणा हसला नाही. “नक्की?”

“अहो, नक्की म्हणजे नक्की!”

“मग ठरलं,” तो म्हणाला, आणि पुढे होऊन त्याने वकिलांशी हात मिळवला. वकिलांची थट्टा होती की नाही, ते त्यांनाही सांगता आले नसते. पण हात मिळवताच ते ताठ बसले आणि त्यांचा चेहरा उजळला. पत्नी पलीकडून माझ्याकडे पाहत होती. मी शेंग सोलत राहिलो.

परतताना ती म्हणाली, “अहो, पण तुम्ही हो का नाही म्हणालात?”

“वाटलं, तो पुन्हा विचारील.”

“तो?” ती म्हणाली.

सकाळी तो सामान बांधत असताना मी त्याच्या खोलीत गेलो. “काल मी जे म्हणालो,” मी सुरुवात केली.

“मनात ठेवू नका, काका,” तो लगेच म्हणाला. “सगळ्यांनाच रान आवडतं असं नाही. मी अजिबात वाईट वाटून घेतलेलं नाही.” माझी समजूत घालण्याचा त्याचा तो प्रयत्न इतका मनापासूनचा होता, की मी नुसती मान डोलावली. शिवाय बाहेर वकिलांचा आवाज ऐकू येत होता. ते कुणाला तरी मोंबासा कुठे आहे, ते समजावून सांगत होते. मी त्याच्या ट्रंकेची दोरी आवळून दिली आणि त्याला मोटार स्टँडवर पोचवून आलो.

वकिलांनी मोटारीची सफारी निवडली, हे सांगायला नकोच. त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता. जुलैत ते माझ्याकडे आले.

“मास्तर, तुमचा कॅमेरा द्या बुवा.”

“नको हो,” मी म्हणालो. या वेळी मात्र मला खरोखरच द्यायचा नव्हता. “जुना आहे. बिघडेल तिकडे.”

“असं कसं! तुम्ही नाही तर तुमचा कॅमेरा तरी आफ्रिका पाहील!”

“मला नाही वाटत तो टिकेल. राहू दे.”

“अहो, तळहातावरच्या फोडासारखा जपीन! संकोच करू नका.” माझ्या प्रत्येक नकाराला त्यांनी रीतसर आग्रहाने उत्तर दिले, आणि तिसऱ्या खेपेस मी कॅमेरा त्यांच्या हाती ठेवला. पुढचे दोन रविवार मी त्यांना भिंग कसे फिरवायचे आणि प्रकाश कसा जोखायचा, ते शिकवले.

ते परतले ते आनंदाने ओसंडत. तो आनंद खोटा नव्हता, हे मी मान्य करतो. माझ्यासाठी मात्र ती वाट तिथेच बंद झाली. त्यानंतर पाहुण्याच्या सफारी एका परदेशी प्रवासी कंपनीमार्फत भरू लागल्या आणि घरच्या माणसाकरता जागा ठेवणे त्याच्या हाती उरले नाही. आतेभावाच्या पत्रात हे एका ओळीत आले होते.

वकिलांच्या फिल्मा मीच धुतल्या. न्हाणीघराच्या खिडकीला काळे कापड लावून, तांबड्या दिव्याच्या उजेडात मी कागद द्रावणात सोडत होतो आणि वकील माझ्या खांद्यावरून डोकावत होते. मान नसलेला जिराफ आला. धुळीत विरघळलेले झेब्रे आले. झुडपाखाली झोपलेला सिंह आला. पाने स्पष्ट होती आणि सिंह अंधुक. भिंग माझेच होते. कुठे किती थांबायला हवे होते, हे मला प्रत्येक चित्रात दिसत होते.

“हा बघा, हा बघा!” वकील म्हणत होते. मग एकदम आठवल्यासारखे म्हणाले, “अरे हो, तुमच्या पुतण्यानं तिकडे तुमची चौकशी केली. मला विचारलं, काका का नाही आले? त्यांना जनावरांची भीती वाटते का?”

“मग?”

“मी म्हटलं, छे हो, भीती कसली! मास्तरांना पनवेल सोडवत नाही. कितीही आग्रह केला तरी ते यायचे नाहीत.” त्यांनी माझ्याकडे पाहिले. “बरोबर सांगितलं ना?”

द्रावणातला कागद गरजेपेक्षा जास्त काळवंडला होता. मी तो चिमट्याने उचलून बाजूला ठेवला.

“बरोबर,” मी म्हणालो, आणि दुसरा कागद घेतला.