तेरावा फर्मा

दुसऱ्यांच्या पुस्तकांचे फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांचे जुडगे, दिवसभर मोजणाऱ्या बाइंडरबाईंच्या स्वतःच्या लाडक्या कादंबरीत मात्र एक फर्मा कमी होता. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! बाराव्या फर्म्याची सोळा पानं दोनदा शिवलेली आणि तेरावा गायब. म्हणून तर बांधणीच्या कारखान्यानं ती प्रत रद्दीत टाकली आणि बाईंनी ती उचलून घरी आणली.

कादंबरी भयंकरच. मेलेल्यांचं शहर, हाडांचे दिवे, आणि एकमेकांच्या जिवावर उठलेली दोघं: एक चेटकीण, एक जल्लाद. एकशे ब्याण्णवाव्या पानावर ती त्याच्या गळ्याला सुरी लावते. दोनशे नवव्या पानावर दोघं एकाच घोंगडीत बसून लटकं भांडताहेत आणि जल्लादाची दोन बोटं नाहीत. मधे काय झालं, देव जाणे. एकोणीस वर्षं बाई दरवर्षी हे पुस्तक नव्यानं वाचत होत्या आणि मधला भाग दरवर्षी वेगळा रचून शिवणाच्या टेबलावर सोबत काम करणाऱ्या नणंदेला सांगत होत्या. नणंद मोठी कडक, कौतुकाला तर तिचा हात कायम आखडता. पण ही गोष्ट सुरू झाली की तिची सुई थांबायची.

यंदा घात झाला. वाचनालयाकडून दुरुस्तीला आलेल्या गठ्ठ्यात तेच पुस्तक निघालं. शिवण उसवलेली, पण तेरावा फर्मा शाबूत.

बाईंचा जीव खालीवर झाला. "वन्सं, वाचलं तर कळेल हो. पण मग पुढच्या वर्षी मी काय सांगू? सगळी गंमतच जाईल."

"मग नको वाचूस," म्हणत नणंदेनं फर्मा ओढून घेतला आणि खिडकीशी बसून सोळाच्या सोळा पानं वाचून काढली. बाई तिच्याकडे टक लावून बघत होत्या, पण नणंदेचा चेहरा ढिम्म. मग तिनं फर्मा जागेवर ठेवला आणि घट्ट शिवून टाकला.

"निदान बोटं कशी गेली तेवढं तरी सांगा!"

"आधी तू सांग."

बाईंनी सांगितलं. शहराचा दरवाजा मिटत होता, चेटकीण आतच राहिली असती, म्हणून जल्लादानं फटीत हात घातला.

नणंदेनं डोळे पुसले. "चूक. साफ चूक," ती नाक ओढत म्हणाली. "पण ते दरवाजाचं परत एकदा सांग."