शिंप्याने रिकामा केलेला थांबा

आमच्या गावचा शिंपी कोणाचाही संशय घेऊ शकतो. कोणाची कंबर वाढली, तर हा टेप तसाच धरून विचारतो, "हल्ली जेवायला कुठे जाता?" दुकान बस थांब्यासमोर असल्यामुळे संशयाला नवा माल रोज मिळतो.

एके सकाळी थांब्याच्या बाकावर टोपीवाला एक परका माणूस येऊन बसला. बस आली, गेली, हा तिथेच. दुसऱ्या दिवशीही तेच. शिंप्याने मशीन थांबवून हटकलं.

"पाहुणे कोणाकडचे?"

"कोणाकडचेच नाही. असाच बसलोय."

संपलं! असंच बसणारा माणूस शिंप्याने जन्मात पाहिला नव्हता. बसमध्ये कोण चढतं, म्हणजेच कोणाचं घर बंद असतं, हे तो हेरतोय, असा निकाल दुपारच्या आत लागला. संध्याकाळपर्यंत शिंपी तो घेऊन घरोघरी पोचला.

"थांब्यावर फिरकू नका. विटभट्टीच्या मागच्या वळणावर चढा. तिथून त्याला काही दिसत नाही."

गाव लगेच ऐकेना. पण वळणावर चढलं की पुढच्या गावापासूनचं तिकीट फाटतं आणि ते थोडं स्वस्त पडतं, हे कळल्यावर सगळ्यांनाच चोराची भीती वाटू लागली. ड्रायव्हर भला माणूस, तोही वळणावर थांबू लागला. टोपीवाल्यासमोर बस रिकामी उभी राही आणि रिकामीच निघे. शिंपी काजं करता करता मिशीत हसे.

आठवडा सरत आला, तेव्हा कंडक्टर खिडकीतून ओरडला, "मास्तर, तो बाकावरचा आमच्या ऑफिसचा माणूस आहे! या गावात बसला माणसं आहेत की नाहीत, ते बघतोय. त्याला एकही दिसलं नाही. उद्या तो परत जाणार, की तुमची बस बंद!"

भरलं गाव निर्मनुष्य करून दाखवणारा दुसरा शिंपी कुठे असेल असं वाटत नाही. आमच्या शिंप्याची बायको तालुक्याच्या दवाखान्यात आया आहे, रोज याच बसने जाते. तिने ऐकलं आणि शांतपणे पिशवी भरायला घेतली.

"बस बंद तर मी तालुक्यातच माझ्या दादाकडे राहणार. तुम्ही बसा पहारा देत."

बायको जाणार, हे ऐकून शिंपी गळ्यात टेप तसाच ठेवून निघाला. पुन्हा घरोघरी फिरला. "उद्या सगळे थांब्यावर या रे! तो चोर नाही!"

"काल चोर होता, आज नाही?" पिठाच्या गिरणीवाली मावशी म्हणाली. "काय रे, त्याने तुला चहा पाजला की काय?"

"मावशी, खरंच सांगतोय."

"मागच्या वेळीही खरंच सांगत होतास."

गावाला संशय घ्यायला त्यानेच शिकवलं होतं, आणि गाव हुशार निघालं. सकाळी थांब्यावर टोपीवाला आणि शिंपी, दोघेच. शिंप्याने दुकानाला कुलूप लावलं, तीनदा ओढून पाहिलं आणि टोपीवाल्याच्या मागोमाग बसमध्ये चढला.

"साहेब, आमच्या गावात माणसं आहेत. ती वळणावर चढतात."

"थांबा सोडून वळणावर? कशाला?" टोपीवाल्याने पाकीट चाचपून आतल्या खिशात सरकवलं.

तेवढ्यात विटभट्टी मागे पडली आणि बस थांबली. आधी गिरणीवाली मावशी चढली, मग तिची टोपली, मग भट्टीवरचे कामगार, शाळेची पोरं, दोन म्हातारे, एक बाळंतीण. टोपीवाला बोटांवर मोजू लागला. बोटं संपली तेव्हा त्याच्या मांडीवर कोणाचं तरी पोर होतं.

"बास! बास!" तो ओरडला. "बस चालू राहील, पण आधी हे उचला!"

सगळ्यात शेवटी शिंप्याची बायको चढली, पिशवीसकट. नवऱ्याला सीटवर बसलेला पाहून ती दारातच थबकली.

"तुम्ही? दुकान बंद करून?" तिने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आणि इस्त्रीचा शर्ट? कोणाला भेटायला निघालात?"